हरलेल्यांची पंगत

यावलजवळच्या आमच्या गावात भरीत करावं ते आबांनीच. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजताना ते कुणाशी बोलत नाहीत, आणि लाकडी बडजीत ती ठेचायला लागले की गप्प बसत नाहीत.

विधानसभेचा निकाल लागला की मळ्यात भरीत व्हायचं. आबांचा नियम एकच: "हारला त्यानं आधी जेवाचं, जितला त्यानं वाढाचं." कालपर्यंत एकमेकांचे झेंडे उपटणारे लोक मग केळीच्या पानावर आग्रह करकरून वाढायचे. हरलेला रुसल्या तोंडानेच निम्मं भरीत संपवायचा.

यंदा पक्ष फुटले, तशी भावकीही फुटली. हरलेल्यांपैकी कुणीच आलं नाही. जिंकलेली पोरं म्हणाली, "आबा, आता आम्हालेच वाढा."

आबांनी हात धुतले, हरलेल्यांसाठी मांडलेल्या रिकाम्या पंगतीत पहिल्या पानावर मांडी घातली. "आधी मले वाढा."

पोरांचं हसू विरलं. आबा तर त्यांच्याच बाजूचे. शेवटी एकाने भरिताची बादली उचलली. आबा मान खाली घालून जेवले, एरवीसारखं कुणाला चिडवलं नाही.

सगळे जेवून उठले, तरी आबांच्या शेजारची पानं तशीच हिरवीगार होती.