किलकेनीच्या फरशीवरचे सरदार

मी राहते त्या ॲडम्सटाउनहून राजधानीतलं ह्यूस्टन स्टेशन आणि तिथून किलकेनी, असा आमचा शनिवारचा प्रवास. पुढच्या आठवड्यात आई नागपूरला परतणार होती. तिने आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली, फळ्यावर कमानी काढल्या. पण दगडात कोरलेला चिलखतातला सरदार जवळून पाहायचा राहिला होता. किलकेनीच्या जुन्या कॅथेड्रलमध्ये तसे सरदार आहेत हे तिने माझ्या मोबाइलवर पाहिलं, आणि मी गाइडबरोबरच्या पायी सहलीची तिकिटं काढली.

गाडीत समोरच्या आजोबांना आईचा पाय लागला. तिने वाकून त्यांच्या गुडघ्याला हात लावला आणि तो कपाळाला नेला. आजोबा गोंधळले. मी खिडकीबाहेरच्या गाई पाहू लागले. इथे आल्यापासून मी हा हात आवरायला शिकले आहे. नुसतं 'सॉरी' म्हणते.

किलकेनी नदीकाठचं छोटं शहर. एका टोकाला किल्ला, दुसऱ्या टोकाला कॅथेड्रल, मधे जुन्या दगडी घरांचा रस्ता. आमची गाइड मॉरीन साठीची होती. पाऊस आला तरी तिने छत्री उघडली नाही, ती फक्त खिडक्या दाखवायला वापरली. तिने आम्हाला एका स्लिपमधून (दोन घरांमधला अंधारा बोळ) नेलं. इथला काळा दगड घासला की संगमरवरासारखा चमकतो, असं ती म्हणाली. ओल्या फुटपाथवर ते दिसतच होतं. मी घोळक्याच्या शेवटी राहून आईच्या कानात मराठी करून सांगत होते. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे शब्द अडायचे. मी हाताने आकार दाखवला की आई शब्द पुरवायची: कोनाडा, महिरप, गवाक्ष. जेवायला सूप आणि ब्राउन ब्रेड (जाडसर गव्हाचा पाव) होता. आईने त्यावर पिशवीतली शेंगदाण्याची चटणी पसरली.

कॅथेड्रलच्या दारात मात्र ती थांबली. आतली जमीन थडग्यांची होती. काळ्या शिळांवर नावं आणि क्रूस कोरलेले, आणि लोक त्यांवरून सरळ चालत होते.

"हे लोकं मेलेल्या माणसाच्या अंगावर पाय देऊन राहिले," आई हळूच म्हणाली.

इथे चालतं, सगळेच जातात, असं मी सांगितलं. तिने मान हलवली. "तू जाऊन ये. मी इथूनच पाहते."

तिथून फक्त खांब दिसत होते.

तुझी आई बरी आहे ना, असं मॉरीनने आतून विचारलं. "ग्रँड आहे," मी म्हणाले. इथे ग्रँड म्हणजे ठीक, आणि पुढे विचारू नका. तीन महिन्यांत आईलाही तो शब्द कळू लागला होता. ती दोन्ही हातांनी पर्स धरून, दवाखान्यात नंबराची वाट पाहावी तशी भिंतीशी उभी राहिली.

मी थोडी पुढे गेले आणि मॉरीनला हाक मारली. छताखाली आवाज नको तेवढा घुमला. सगळे वळले. माझी आई थडग्यावर पाय ठेवू शकत नाही, मी सांगितलं. आमच्यात कुणाला पाय लागला तर नमस्कार करतात. आणि तिला सरदार बघायचाय.

मॉरीनने खाली पाहिलं. ती एका नावावर उभी होती.

"या बिचाऱ्यावर उभी राहून मी कित्येक वर्षं बडबडतेय," ती बाजूला सरकत म्हणाली. "आपण भिंतीकडेने जाऊ."

खांबांमागे साधी फरशी होती. मॉरीन आईचा हात धरून पुढे निघाली. एक शिळा आडवी आली ती आईने साडी उचलून ओलांडली. मागून आमच्या घोळक्यातला, कॉर्क शहराचा एक उंच माणूस तशाच लांब टांगा टाकत आला. त्याच्या बायकोने त्याला बगळा म्हटलं.

सरदार आणि त्याची बायको शेजारी शेजारी पहुडलेले होते. आई सरदाराला विसरलीच. बाईच्या झग्यावर हवेतल्या हवेत बोट फिरवत राहिली.

"दगडात निऱ्या कशा पाडल्या, पहा बरं. तिले विचार ना, कोणं कोरलं हे."

मी विचारलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मॉरीनला माहीत नव्हतं.

परतीच्या गाडीत आईने डोळे मिटले. समोर हेडफोन लावलेली माझ्याच वयाची मुलगी बसली होती. गाडी वळली आणि माझा बूट तिच्या पायाला लागला. 'सॉरी' म्हणेपर्यंत माझा हात तिच्या गुडघ्याला लागून कपाळाशी आला होता. तिने हेडफोन काढले आणि विचारलं, सगळं ठीक ना?

ग्रँड म्हणायला सोपं होतं. मी तिला सांगू लागले, अगदी नागपूरपासून. ह्यूस्टन आलं तरी माझं संपलं नव्हतं, आणि डोळे मिटलेली आई केव्हाची जागी होती.