काचेकडे पाठ

आमच्या आत्याशी फोनवर बोलायचं तर फोन कानापासून वीतभर लांब धरावा लागतो. ती भांडत नसते. ‘जेवलीस का’ हा साधा प्रश्न ती अशा आवाजात विचारते, की शेजारच्या घरातल्या माणसानेही ‘हो, जेवलो’ म्हणून सांगून टाकावं. उभं आयुष्य कापडगिरणीच्या विणकाम खात्यात काढलं की आवाजाचं असंच होतं. ओळीने मांडलेले माग, प्रत्येकावर इकडून तिकडे आपटत जाणारा धोटा, आणि पायाखालची फरशीसुद्धा थरथरणारी. तिथे शेजारणीच्या कानात तोंड घालून ओरडलं तरी काही पोहोचत नाही. म्हणून तिथल्या बायका ओरडतच नसत. आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलत, आणि समोरची ते डोळ्यांनी ऐकत असे.

म्हणजे आमच्या आत्याला ओठ वाचता येतात. लहानपणी मला याची भारी गंमत वाटे. आम्ही तिच्या खिडकीत बसायचो आणि रस्त्यापलीकडच्या दुकानात काय घासाघीस चाललीय ते ती मला जसंच्या तसं सांगायची. मोठी झाल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की ही गंमत आत्याला चांगलीच महाग पडली असणार. आपल्या पाठीमागे लोक काय बोलतात हे आपल्याला कळत नाही, म्हणून तर आपण चारचौघांत हसून वावरतो. आत्याला ते सगळं कळत आलेलं आहे. तरी ती हसते, आणि तेही अगदी मनापासून. मला हे या जन्मी जमलं नसतं. माझा पारा चढायला एवढंसं कारण पुरतं, आणि उतरायला अख्खा आठवडा लागतो.

खात्यात तिच्या समोरच्या मागावर एक बाई होती. तिला सगळ्या कात्री म्हणत, कारण तिच्या जिभेखालून कुणी धड सुटत नसे. आत्याचा नवरा लवकर गेला. तेव्हा दादा, म्हणजे तिचा मुलगा, अजून शाळेतही जात नव्हता. आत्या कामावर परतली, आणि त्याच आठवड्यात कात्री पलीकडच्या बाईला सांगताना तिला दिसली, की हिच्या डोळ्यांत टिपूस नाही, सुटले एकदाची असंच वाटत असणार हिला. आत्याने ते शब्द समोरून वाचले आणि मागावरची नजर हलवली नाही. पुढे एका दुपारी तिचं लक्ष उडालं. ताण्याचे धागे तुटले तरी माग चालूच राहिला आणि कापड वाया जायला लागलं. तेव्हा कात्रीच आपलं काम टाकून धावत आली. तिने माग थांबवला, खराब झालेलं विणकाम उसवलं, तुटलेला एकेक धागा गाठ मारून जोडला, आणि एका शब्दाने न बोलता आपल्या जागी गेली. जागेवर पोचल्याबरोबर तिचे ओठ पुन्हा सुरू झाले. हिचं कामात लक्ष नसतं, म्हणाली.

आत्या हे सांगते तेव्हा पोट धरून हसते. मी एकदा चिडून विचारलं, की मग या दोघींतली खरी कात्री कोणती, जिभेची की हातांची? मला वाटत होतं आत्या ‘हातांची’ म्हणेल. ती म्हणाली, दोन्ही खऱ्या, आणि तुला एकच हवी असते म्हणून तू सारखी तापलेली असतेस.

त्या खात्यात एक रीत होती. ती कुणी कुणाला शिकवलेली नव्हती. सगळ्यांनाच ओठ वाचता येत असल्यामुळे तिथे कुजबुजायची सोय नव्हती. म्हणून एखादी बाई दुसरीला मनातलं काही सांगायला लागली, की आजूबाजूच्या बायका पाठ करून उभ्या राहत. पाठ करणं म्हणजे तिथे दार लोटून घेणं. ज्या बाईकडे सगळ्यांची पाठ, तिला कळायचं की आता मी मोकळेपणाने बोलू शकते. आत्यानेही बोलून घेतलं असेल तसं कधीतरी. नवरा गेल्यावर ती रडली नाही असं कात्रीला वाटलं, पण कुणाच्या तरी पाठीमागे ती रडली असणारच.

गिरणीतून निवृत्त झाल्यावर आत्या दादाकडे आणि वहिनीकडेच राहिली. वहिनी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत काम करते. तिची जागा तक्रारींच्या खिडकीत आहे. नळाला पाणी नाही, बिल चुकलं, रस्ता खणून ठेवला, यातलं काहीही असलं तरी माणसं येऊन ओरडतात ती वहिनीवर. ती सगळ्यांचं ऐकून घेते आणि सौम्य आवाजात उत्तर देते, कारण तेच तिचं काम आहे. संध्याकाळी घरी आली की चहा घेऊन ती बाल्कनीत जाते, काचेचं दार सरकवून बंद करते, आणि तिच्या आईला फोन लावते. काच चांगली जाड आहे. आतल्या माणसाला आवाज म्हणून येत नाही. आत जेवणाच्या टेबलाशी बसून आमची आत्या भाजी निवडत असते.

आत्याला ओठ वाचता येतात हे वहिनीला माहीत नव्हतं. दादाला लहानपणी माहीत होतं, पण दादा म्हणजे काय विचारता, स्वतःचा वाढदिवसही त्याला दुसऱ्याने सांगावा लागतो.

गेल्या वर्षी घरमालकाला जागा परत हवी झाली आणि नवं घर बघायची वेळ आली. दोन घरं पसंत पडली. एक लांब होतं, पण त्यात आत्यासाठी वेगळी खोली होती. दुसरं वहिनीच्या कचेरीजवळ, पण लहान. ते घेतलं तर आत्याला मागच्या गल्लीत एक खोली भाड्याने घेऊन द्यायची, असं बोलणं चाललं होतं. दादाने नेहमीप्रमाणे मान दोन्हीकडे डोलावून निर्णय वहिनीवर सोपवला. आत्या त्या दोघांना काही म्हणाली नाही. मला मात्र म्हणाली, ‘एकटीने राहायला मी भीत नाही गं. पण आवाज नसलेल्या घरात मला झोप येत नाही.’ एवढं बोलून ती उगाचच ओटा पुसायला लागली. आत्याने स्वतःसाठी काही मागितलेलं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

मी त्या दिवसांत बरेचदा त्यांच्याकडे जात होते. तेव्हाच माझ्या लक्षात आलं, की वहिनी बाल्कनीत गेली रे गेली की आत्या आपली खुर्ची फिरवते आणि काचेकडे पाठ करून बसते. मी कारण विचारलं. ती आधी टाळाटाळ करायला लागली, मग म्हणाली की चष्म्यातून दिसतं सगळं. सुरुवातीला नकळत दिसलं होतं. काय दिसलं, ते मी तिच्याकडून उकरून काढलं. ही बाई आहे की भोंगा, असं वहिनी आईला सांगत होती. दिवसभर लोक माझ्यावर ओरडतात आणि घरी आल्यावर ही ओरडते, माझं डोकं फुटेल एक दिवस.

माझा तिळपापड झाला. मी तिथल्या तिथे उठून काचेचं दार उघडणार होते. आत्याने माझं मनगट धरलं, आणि मागावर काम केलेल्या बाईची पकड म्हणजे काय ते मला कळलं.

‘बस खाली,’ ती म्हणाली. ‘आत येऊन ती मला काय म्हणते ते ऐकलंयस ना? आई, तुमचा चहा गार झाला, परत करून देऊ का, असं म्हणते. तुला वाटतं बाहेर बोलते ते खरं आणि आतलं खोटं. अगं, बाहेरचं नुसतं बाहेर पडतं. आतलं ती निवडून बोलते. डोकं फुटायला आलेलं असताना निवडून बोलते, त्याची किंमत आहे की नाही?’

मी म्हटलं, पण तुला लागत नाही का. लागतं की, ती म्हणाली. लागलं म्हणून तर खुर्ची फिरवली. तिला बोलू दे आणि मला दिसू नये, एवढी सोय केली की झालं. मग तिने माझ्याकडून वचन घेतलं, की यातलं अक्षर वहिनीला सांगायचं नाही. मी ते दात-ओठ खात दिलं.

त्याच महिन्यात वहिनी मला बसथांब्यापर्यंत सोडायला आली. वाटेत म्हणाली की लहान घरच घ्यायचं असं तिच्या मनात जवळजवळ ठरलंय. मी फणकारून काही बोलणार, तेवढ्यात तिचा आवाज कापला.

‘मी बाल्कनीत गेले की आई खुर्ची फिरवून माझ्याकडे पाठ करतात. रोज. एक दिवस चुकवत नाहीत. मी त्यांना डोळ्यांसमोरसुद्धा नको असेन, तर कशाला एका घरात राहायचं? त्यांनाही सुटका, मलाही.’

ती रडत होती. खरं काय ते माझ्या जिभेच्या टोकावर होतं, पण वचन दिलेलं होतं. जे खात्यात सगळ्यात मोठं सौजन्य, ते इथे या बाईच्या काळजात सुरीसारखं घुसलं होतं. बस आली तशी गेली. वहिनी डोळे पुसून कोपऱ्यावरच्या दुकानात वळली, तशी मी उलट्या पावली आत्याकडे गेले आणि तिला सगळं सांगितलं.

आत्या इतक्या हळू बोलली, की मला पुढे वाकावं लागलं. ‘मी तर तिला एकटीला बोलू देत होते.’ मी म्हटलं, हो, पण ती कधी गिरणीत गेलेली नाही. तिच्या लेखी पाठ म्हणजे पाठ. मग मी म्हटलं, आता सांगून टाकू या तिला. तुला घर हवंय ना?

‘हवंय,’ आत्या म्हणाली. ‘पण ते सांगायचं नाही. कळलं तर ती आठवत बसेल, कधी काय काय बोलले म्हणून. शरमेने त्या बाल्कनीत पुन्हा पाय ठेवणार नाही. दिवसभर परक्यांचं ऐकून येते, तिला एवढी एकच जागा आहे.’

स्वतःचं छप्पर जायची वेळ आली होती, आणि ही बाई सुनेची बाल्कनी वाचवायला बघत होती. सहनशील माणसं मी पाहिली आहेत, सोसून सोसून आतून कडू झालेली. लोकांच्या बोलण्याकडे दुर्लक्ष करणारीही पाहिली आहेत, पण त्यांना माणसांशीच देणंघेणं नसतं. ही त्यातली नव्हती. हिला सगळं दिसत होतं, सगळं लागत होतं, आणि तरी समोरच्याला आपल्याबद्दल वाईट बोलायला जागा राहावी म्हणून ही जिवाचा आटापिटा करत होती. मला तिचा इतका अभिमान वाटला, की राग आल्यावर येतं तसंच डोळ्यांत पाणी आलं.

पुढच्या वेळी गेले तेव्हा आत्याची खुर्ची काचेकडे तोंड करून होती. वहिनी बाहेर फोनवर होती. आत्याने चष्मा काढून टेबलावर घडी करून ठेवला होता आणि घेवड्याच्या शेंगा नुसत्या बोटांनी चाचपून चाकूने चिरत होती. वहिनीला तिने सांगितलं होतं, की हल्ली संध्याकाळी डोळे थकतात. मी विचारलं, आता तुला दिसतं तरी काय? ती म्हणाली, ती तिथे उभी आहे एवढं दिसतं. आणि त्या धूसर आकृतीकडे बघून तिने आपलं तोंडभर हसून घेतलं.

वहिनीला काचेतून ते हसू दिसत होतं, आणि चाकूही दिसत होता. ती बोलता बोलता थांबली. पुन्हा बोलायला लागली, पुन्हा थांबली. शेवटी दार सरकवून फोनसकट आत आली आणि तिने आत्याच्या हातातला चाकू काढून घेतला. मग समोरची खुर्ची ओढून बसली, फोन मान वाकडी करून खांद्यात धरला आणि स्वतःच शेंगा चिरायला लागली. काच आता मध्ये नव्हती.

‘काही नाही गं आई, सासूबाई चष्म्याशिवाय भाजी चिरत बसल्या होत्या,’ ती फोनमध्ये म्हणाली. ‘सांगून ऐकत नाहीत. हट्टी आहेत नुसत्या. नाही, ते लहान घर नको आता, लांबचंच घेतोय. मला बस बदलावी लागेल, तंगडतोड होईल, सगळं खरं. पण यांना एकटं कुठे ठेवू मी, बोटं कापून घेतील.’

आत्या हलली नाही. तिचे दोन्ही हात टेबलावर रिकामे पडले होते. पलीकडून वहिनीच्या आईने काहीतरी विचारलं असावं, कारण वहिनीने मान वर करून आत्याकडे एकदा नीट बघितलं.

‘हो, इथेच आहेत, समोर,’ ती म्हणाली. ‘ऐकतायत की. ऐकू देत.’