तांदळातलं नाव

माझं सासरचं नाव मी इथे लिहिणार नाही. ते माझ्या एकटीचं नाही, हे मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी, नवघरमधल्या आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये, बोंबील वाढताना कळलं.

मी परळची, हे मुर्धा गावचे. मिठागरवाल्यांच्या घरातला फौजी मुलगा. लग्नात गुरुजींनी ताटात तांदूळ पसरले आणि ह्यांच्या हातात अंगठी दिली. बायकोचं नवं नाव लिहायचं. माझ्या मैत्रिणींच्या नवऱ्यांनी ही नावं आधीपासून बहिणींना विचारून, पत्रिका दाखवून ठरवली होती. ह्यांनी अंगठी धरली आणि एका दमात लिहून मोकळे झाले. मग नाव घ्यायची वेळ आली. नवे नवरे तिथे हमखास अडखळतात, बायकोचं जुनंच नाव तोंडात येतं आणि सगळ्या बायका हसतात. हे अडखळले नाहीत. उखाणा कसाबसा जुळवलेला होता, पण नाव इतकं खणखणीत घेतलं की माझी मावशी म्हणाली, "जावई मनापासून नाव घेतात हो!"

खरं तर माहेरचं नाव गेल्याचं मला फार वाईट वाटत होतं. वडिलांनी हौसेने ठेवलेलं नाव ते. पण मावशीच्या त्या एका वाक्यावर मी मनाची समजूत घालून घेतली. एवढ्या प्रेमाने निवडलंय तर राहू दे, म्हटलं.

तर परवाच्या रविवारी ह्यांचे पलटणीतले दोस्त जेवायला आले. साताऱ्याकडचे गृहस्थ. मीरा रोडच्या एका टॉवरमध्ये सिक्युरिटी सुपरवायझर म्हणून नुकतेच लागलेत. इतकी वर्षं फोनवर मी त्यांना भावोजी म्हणत होते आणि ते मला वहिनी. आमच्या लग्नाच्या वेळी त्यांना सुट्टी मिळाली नव्हती, त्यामुळे माझं सासरचं नाव त्यांच्या कानावर पडायचा प्रसंगच आला नव्हता.

मी स्वयंपाकघरात होते. ह्यांनी मला नावाने हाक मारली आणि म्हणाले, "आणखी दोन बोंबील आण गं." मी ताटली घेऊन बाहेर आले, तर भावोजींच्या हातातला घास हातातच. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे.

"वहिनींचं नाव हे हाय?"

"हो. का हो?" मी विचारलं.

"लेका, रायफलीचं नाव दिलंस व्हय वहिनींना!" आणि ते असे हसत सुटले की त्यांना ठसका लागला.

ह्यांनी मान खाली घातली आणि बोंबलात काटे शोधायला लागले. बोंबलात काटे असून असून असतात किती!

मी ताटली टेबलावर ठेवली आणि खुर्ची ओढून बसले. म्हटलं, भावोजी, सगळं सांगा.

भावोजींना तेवढंच पाहिजे होतं. "भरती झालो ना वहिनी, रायफल हातात आली, तवा ट्रेनिंगचे उस्ताद म्हणले, ये तुम्हारी पहली बीवी है, इसको अकेली छोड़ा तो देख लेना! आता सरकारदरबारी तिला नुसता नंबर. पण बीवीला नंबरानं हाक कोण मारतंय? मग सगळ्यांनी नावं ठेवली. एकाची म्हैस, कारण लई जड. माझी सासू, कारण गोळी मारली की खांद्याला असा दणका द्यायची! एकानं तर पेन्शन नाव ठेवलेलं. म्हणायचा, ही संगं हाय तवर पेन्शन मिळायची आशा हाय. ह्यानं मात्र सरळ पोरीचं नाव दिलं. आणि तिला तेल लावताना ह्याला बघायचं वहिनी! बाकीचे चिंधी फिरवून मोकळे, हा आपला बसलाय गोंजारत."

माझा हात आपोआप केसांकडे गेला. दर रविवारी सकाळी हे मला समोर बसवून केसांना तेल लावून देतात. मुळापासून टोकापर्यंत, शांतपणे, एक बट सुटत नाही. शेजारची गुजराती बेन तिच्या नवऱ्याला माझ्यावरून टोमणे मारते. मी आपली मिरवत होते. हा हात कुठे बसलाय, ते आत्ता कळलं.

मला राग आला. थट्टेवारी नेण्यासारखी गोष्ट होती, पण मला खरंच राग आला. "आणि रायफलीला तरी हे नाव कुठून आणलंत? मुर्ध्यातली कोण ती?"

"कोन न्हाय गं," हे म्हणाले. गडबडले की ह्यांच्या तोंडून मुर्धा बोलतं. "भरतीला गेलो तवा पुढं एक ट्रक होता. त्याचे मागं लिवलेला होता."

म्हणजे ट्रकवरून रायफलीला आणि रायफलीवरून मला.

"मग ताटात तेच का लिहिलंत?"

"सगली बघत होती. भटजी म्हनतो लिवा. मला दुसरा बाईचा नाव सुचलाच न्हाय."

भावोजी पुन्हा हसायला लागले. मी हसले नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं, माझं नाव गेलं ते निदान प्रेमापोटी गेलं. मी म्हणाले, "आजपासून मला माहेरच्या नावाने हाक मारायची. नाहीतर मी ओ देणार नाही."

"ते नको," हे चटकन म्हणाले.

"का? ते पण ट्रकवर वाचलंय?"

भावोजींनी ह्यांच्याकडे पाहिलं आणि हसायचे थांबले. "वहिनी, ते पण नाव देऊन झालंय," ते म्हणाले. "ह्याच्या लग्नानंतर जुन्या रायफली कोतात जमा झाल्या. कोत म्हणजे आमची हत्यारांची खोली. मग नव्या मिळाल्या, हलक्या. सगळ्यांनी विचारलं, हिचं नाव काय रे? तर हा म्हणतो, माझ्यापायी घरच्या बाईचं एक नाव वाया गेलंय, तेच हिला देतो. पार रिटायर होईपर्यंत तेच नाव."

जे नाव मी बोहल्यावर ठेवून आले, ते इतकी वर्षं ह्यांच्या खांद्यावर होतं, आणि मला पत्ता नाही. राग कुठे गेला कळलंच नाही. पण एवढ्यावर सोडायचं कसं?

"कशी होती ती?" मी विचारलं.

भावोजींनी पाण्याचा घोट घेतला. "दिसायला झ्याक. पण थंडीत अडून बसायची, वहिनी. मग हा तेल घेऊन तिची मनधरणी करत बसायचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलमधून हाक आली. माहेरच्या नावाने. वडील गेल्यापासून त्या नावाने मला कोणी हाक मारली नव्हती. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू? पण मी ओ दिली नाही. पुन्हा हाक आली, जरा मऊ आवाजात. मी ओट्याशी पाठ करून उभी राहिले.

थोड्या वेळाने हे आत आले. रविवार नव्हता, तरी हातात तेलाची बाटली होती.