डिस्कला झोपू न देणारे भाऊ

बिघडलेल्या संगणकासमोर ते आधी हाताची घडी घालून बसत. दहा-दहा मिनिटं नुसते पाहत. मी अधीर झाले की म्हणत, "घाई नोका करू मॅडम. त्याले बिघडू तर द्या."

दुरुस्तीला आलेला माणूस असा बसलेला तुम्ही पाहिलाय का? आर्वीत त्यांचं घरचं कापडाचं दुकान. गिऱ्हाईक नसलं की साड्यांच्या ढिगाआड लॅपटॉप उघडून ते लिनक्स या सगळ्यांना खुल्या संगणकप्रणालीचा कोड वाचत. सगळे त्यांना भाऊ म्हणत. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर, कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत शिकवायला नवी. मीही भाऊच म्हणायची.

त्या वर्षी प्रयोगशाळेतल्या लिनक्सवरच्या संगणकांत माहिती साठवणाऱ्या नव्या एसएसडी डिस्क बसवल्या आणि ते मध्येच गोठू लागले. प्राचार्य म्हणाले, "आठवड्यात सुधारलं नाही, तर प्रात्यक्षिक परीक्षा वर्ध्याला." रोहणा गावच्या तीन मुलींना घरचे तेवढ्या लांब पाठवणार नव्हते, हे मला ठाऊक होतं. मी भाऊंना बोलावून आणलं.

मला वाटे, मुलीच काहीतरी भलतं दाबतात. त्या तिघींतली एक फार सावकाश काम करायची. तिचा संगणक हमखास गोठे. तिला मी सगळ्यांदेखत बोलले.

भाऊ तिच्या मागे जाऊन बसले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "काऊन रागावता तिले? पोट्टी काहीच दाबून नाई राह्यली. इचार करून राह्यली."

खरंच होतं ते. भराभर टाइप करणाऱ्यांचे संगणक चालत. थांबून विचार करणारीचाच गोठे. काम नसलं की वीज वाचवायला डिस्क गाढ झोपे, ती उठतच नसे.

"मले झोपून उठता येते, असं डिस्क सांगते," भाऊ म्हणाले. "ड्रायव्हर भोळा, इश्वास ठेवते."

डिस्कशी बोलणाऱ्या त्या ड्रायव्हर नावाच्या प्रोग्राममध्ये भाऊंनी एक ओळ घातली: या जातीच्या डिस्कला गाढ झोपू द्यायचं नाही.

मी त्या मुलीची माफी मागितली. "जाऊ द्या न मॅडम," ती म्हणाली.

पुढे लिनक्स सांभाळणाऱ्यांनीही ती ओळ स्वीकारली. त्यांचं इंग्रजी उत्तर छापून भाऊंनी दुकानात लावलं. गिऱ्हाइकं त्याला सरकारी नोटीस समजून हळूच विचारत, "भाऊ, सगळं ठीक हाय न?"

परीक्षा आर्वीतच झाली. तिसऱ्या प्रश्नावर ती मुलगी थांबली. हात मांडीवर, नजर पडद्यावर. पाच मिनिटं गेली. खिडकीबाहेर भाऊ गज धरून उभे. मग तिने एक कळ दाबली आणि पडद्यावर अक्षर उमटलं.

"झोपली नाई! झोपली नाई!" भाऊ बाहेरून ओरडले. अख्खा वर्ग हसला.

शिपायाने त्यांचा दंड धरला. "पेपर सुरू हाय भाऊ, चाला इथून." भाऊ हसत हसत फाटकाबाहेर गेले, आणि ती मुलगी पुढच्या ओळीचा निवांत विचार करत बसली.