समोरच्या गॅलरीतले गृहस्थ

गेले काही दिवस रोज सकाळी समोरच्या इमारतीत एक वयस्क गृहस्थ पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या डोक्यावर उचलताना दिसतात, अगदी माझ्या लयीत. मी डंबेल्स खाली घेतले की तेही बाटल्या खाली घेतात. आजपर्यंत आम्ही कधी बोललो नव्हतो.

साखर वाढली म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली मी किटो आहार घेतो. पोळी, भात, बटाटा बंद. वजन उतरलं, पण दंडही उतरले आणि जिना चढताना पाय थरथरू लागले. आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, "अंडी, पनीर, मासे नीट खा आणि रोज वजन उचला, नाहीतर स्नायू झडतील." मी ते मनापासून केलं. ताकद परत आली.

माणसं मात्र आली नाहीत. "तुम्ही कुठे काय खाता," म्हणत शेजाऱ्यांनी सणाचं ताट पाठवणं सोडलं, बहिणीने जेवायला बोलावणं. पत्नी गेल्यापासून घरात मी एकटाच. किती नाती नुसत्या एकत्र जेवण्यावर तग धरून असतात, ते ताट वेगळं झाल्यावर कळलं.

आज कंटाळून मी दहाव्यालाच थांबलो. समोरून आवाज आला, "अहो, दहाच? काल बारा केले होते तुम्ही."

मी डंबेल्स पुन्हा उचलले. म्हणालो, "चुकलंच. उरलेले दोन तुम्ही मोजा."

त्यांनी बाटल्या उचलल्या आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अकरा."