परातीतली खाडी

आई गेल्यावर बाबांना मी कोकणातल्या खाडीकाठच्या घरातून थेट उत्तरेत, मयूर विहारच्या आमच्या फ्लॅटमध्ये आणलं. "थोडे दिवस चला," म्हणून आणलं, आणि वर्ष उलटून गेलं तरी परत जायचा विषय मी काढला नाही. त्यांनीही काढला नाही. मला ते सोयीचंच होतं. मी ऑफिसला गेले की मुलीजवळ घरात कोणीतरी असायचं.

त्या दिवशी मी घरूनच काम करत होते. मुलगी भूगोलाचं पुस्तक घेऊन आली. "मम्मा, ये एस्चुअरी क्या होता है?"

हेडफोन न काढताच मी म्हटलं, "खाडी. नदी समुद्राला मिळते ना, ती जागा. आजोबांना विचार."

बाबा उठलेच. त्यांनी परात आणून माझ्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली. एका बाजूने साधं पाणी ओतलं, दुसऱ्या बाजूने हळद घातलेलं मिठाचं. "हा पिवळा समुद्र. आता भरती आली," म्हणत परात तिरकी केली.

"मतलब नदी उलटी चलती है?"

"चालते तर! रोज. भरती असली की आमची होडी वल्ही न मारता वर जायची. आता मधलं पाणी चाखून बघ."

तिने बोट बुडवून चाखलं. "छी! ना मीठा, ना खारा."

"याला मचूळ म्हणतात. समुद्रातली कितीतरी मासळी लहानपणी याच पाण्यात वाढते."

बाबा इतकं सलग बोलताना मी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. पण हे नंतर लक्षात आलं. तेव्हा मला फक्त लॅपटॉपकडे येणारा ओघळ दिसला.

"बाबा, काय पोरखेळ चाललाय! मीटिंग सुरू आहे, कळत नाही का तुम्हाला?"

माइक चालूच होता. मीटिंगमध्ये मराठी कोणाला येत नव्हतं, तरी माझा सूर सगळ्यांना कळला.

"चुकलं गं," म्हणून बाबांनी फडक्याने टेबल पुसलं. लॅपटॉपला काही झालं नव्हतं. बाबा मला असं घाबरून कधी बोलले नव्हते.

संध्याकाळी मी माफी मागितली. "अगं, तुझं काम महत्त्वाचं," ते म्हणाले. ते मला जास्तच लागलं.

"बाबा, तिकडे जायचंय का?"

त्यांनी लगेच विचारलं, "तुला रजा मिळेल?"

दिवाळीत गेलो. आम्ही परत निघायच्या आदल्या दिवशी ते हळूच म्हणाले, "मी इथेच राहू का?" स्वतःच्या घरात राहायला ते माझी परवानगी मागत होते.

आता ते तिकडेच असतात. शेजारच्या वहिनी दोन्ही वेळचं जेवण देतात. मी रोज फोन करते. रागावलात का, हे विचारायचं असतं. ते आधी माझ्या ऑफिसची चौकशी करतात, मग म्हणतात, "पोरीला दे."