शेवटच्या खुर्चीवरच्या अक्का

मी आज वकील आहे तो अक्कांमुळे. काळा कोट, शेवटची खुर्ची आणि कानामागे धरलेला हात, अशाच त्या आठवतात.

कोल्हापुरात आमच्या वकील संघटनेत नव्या वकिलांसाठी दर शनिवारी युक्तिवादाचा सराव असे. तो अक्का घेत; त्या स्वतः जुन्या वकील. वकिलांच्या बाररूममध्ये त्या मुद्दाम लांबच्या टोकाला बसत. मधे ज्येष्ठांच्या गप्पा, कपबश्यांचा खणखणाट. त्यातून आमचं म्हणणं त्यांच्यापर्यंत पोचायला हवं. नाही पोचलं की हात कानामागे जाई. "पावणं, ऐकू येईना की!"

मी शिरोळचा, घराण्यातला पहिला पदवीधर. कायदा पाठ होता, पण चार माणसांत उभं राहिलं की घसा बंद. एका शनिवारी असाच अडलो आणि फाईल मिटली. "अक्का, मला जमणार न्हाय. साखर कारखान्यात कारकुनाची जागा हाय. सोमवारी जातो."

"जा की. कुणी धरलंय?" अक्का म्हणाल्या. "जायच्या आधी एवढं सांग. बाप उसाच्या पल्याड असला तर हाक कशी मारतोस?"

"वरडून."

"मग मार."

मी डोळे मिटून "बाबाऽऽ" केलं. गप्पा थांबल्या. खालचा चहावाला धावत वर आला. "कुणाची लागली हो मारामारी?"

सगळे हसले. अक्का नाही. "छाती हाय की तुझ्यात! आता त्याच छातीनं, पण न वरडता बोल. आणि सोमवारी कारखान्यात न्हाय, माझ्या मागनं कोर्टात यायचं."

कोर्टातल्या माझ्या पहिल्या युक्तिवादाला त्या शेवटच्या बाकावर होत्या. बोलत न्यायाधीशांशी होतो, पण मधूनच मागे वळून अक्कांच्या हाताकडे बघत होतो. तो मांडीवरच राहिला.

आता अक्कांना खरोखरच ऐकू येत नाही. वकिली सोडून त्या सांगलीला लेकीकडे असतात. फोनचा उपयोग नाही, म्हणून परवा मोठ्या अक्षरांत पत्र पाठवलं:

"अक्का, सा. न. शनिवारचा सराव संघटनेनं माझ्याकडे दिलाय. मी तुमच्याच खुर्चीवर बसतो. गेल्या खेपेला जयसिंगपूरची एक पोरगी उभी राहिली. आवाज फुटेना. 'फुडच्या शनिवारपासनं येत न्हाय,' म्हणाली. मी तुमचाच प्रश्न विचारला. तर म्हणाली, 'आमाला शेत न्हाय, सर. वडील एस.टी.त कंडक्टर हाईत.' म्हटलं, मग ते कसे ओरडतात? तिनं डोळे मिटले आणि ओरडली, 'चला, फुडं सरका!' सगळे ज्येष्ठ खुर्च्या घेऊन मुकाट पुढं सरकले.

पोरगी येणार आहे, अक्का. पार शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू आलं.

तुमचा,
शिरोळचा पावणा"